धडा सातवा : एकवीस वर्षांचा अधिकारी

(हा धडा वर्गात मोठ्याने वाचावा. एक परिच्छेद मुलांनी वाचावा, पुढचा आजी-आजोबांनी. अडलेला शब्द मुलांनी शेजारच्या आजीला विचारावा, मोबाइलला नव्हे.)

मुलांनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या मोठ्या मंडळींनो,

गेल्या वर्षी योम हझिकारोनच्या आठवड्यात मी वर्गात एका भारतीय सैनिकाची गोष्ट सांगितली होती. वीस मिनिटांत सांगून संपवली. शेवटी सांगितले की त्याचा रणगाडा पेटला होता, खाली उतरण्याचा आदेश मिळाला होता, तरी तो उतरला नाही आणि मारला गेला. सगळे गप्प झाले. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. त्याची लष्करात भरती पुढच्याच महिन्यात होती. त्याने विचारले, "बाई, तो खाली उतरला असता तर भित्रा ठरला असता का?"

मी म्हणाले, "पुढच्या तासाला सांगते." मास्तरीण असे म्हणाली की समजावे, तिला उत्तर येत नाही. तो मुलगा भरती झाला आणि पुढच्या तासाला आला नाही. म्हणून हा धडा नीट लिहून काढला आहे. गोष्ट सगळी सांगते, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देण्याचा प्रयत्न करते.

शब्द आधी

रणगाडा : रण म्हणजे लढाईचे मैदान, गाडा म्हणजे मोठी गाडी. आपले हिब्रू बोलणारे नातू 'टँक' म्हणतात. मराठीचा शब्द ऐकला की गाडी डोळ्यांसमोर येते.

स्वार : घोड्यावर बसलेला सैनिक. भारताच्या चिलखती दलात साध्या सैनिकाला आजही 'सवार' म्हणतात. घोडे गेले, रणगाडे आले, हुद्दा तोच राहिला.

सुरुंग : जमिनीत पुरलेला स्फोटक डबा. पाय किंवा चाक पडले की फुटतो.

मरणोत्तर : मेल्यानंतर दिलेला सन्मान.

कामी येणे : आपल्या जुन्या बखरींत लढाईत मेलेल्यांसाठी हा शब्दप्रयोग असतो. अमुक सरदार 'कामी आला', म्हणजे लढता लढता पडला. रोजच्या बोलण्यात मात्र एखादी वस्तू 'कामी आली' म्हणजे उपयोगी पडली. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

हिंदी आणि मराठी वर्तमानपत्रांत 'शहीद' हा शब्दही वाचाल. तो मूळचा अरबी आहे. भारतात तो देशासाठी प्राण दिलेल्या सैनिकाला आदराने लावतात. इथे रस्त्यावर तोच शब्द उच्चारला तर ऐकणारा वेगळाच अर्थ घेईल. शब्द एकच, पण गाव बदलले की त्याचा अर्थ बदलतो. म्हणून या धड्यात मी तो वापरलेला नाही.

घर आणि शाळा

अरुण खेत्रपाल याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. कुटुंब पंजाबी. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनियर दलात अधिकारी होते आणि पुढे ब्रिगेडियर झाले. त्यांचे मूळ गाव सरगोधा. १९४७ च्या फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. हे गाव विसरू नका, गोष्टीच्या शेवटी आपल्याला तिकडे जायचे आहे. आईचे नाव माहेश्वरी. एक धाकटा भाऊ होता, मुकेश. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सैनिक झालेले.

अरुण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिकला. पोहण्यात तरबेज होता आणि सॅक्सोफोन वाजवायचा. १९६७ साली तो पुण्याजवळच्या खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. मोठ्या मंडळींना आठवत असेल, आपल्या बेने इस्राएल समाजातले व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे अरुण तिथे येण्याआधी या प्रबोधिनीचे प्रमुख होते. आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर पलटणीतल्या पणजोबांचा फोटो असतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला अगदीच परक्या घरातली वाटू नये.

१३ जून १९७१ रोजी अरुण सेकंड लेफ्टनंट झाला. वय वीस वर्षे आठ महिने. त्याला '१७ हॉर्स' म्हणजेच 'पूना हॉर्स' ही रेजिमेंट मिळाली.

पूना हॉर्स

नावात पुणे आहे, कारण ही पलटण पुण्यातच सुरू झाली. १८१७ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी ईस्ट इंडिया कंपनीने जो तह केला, त्यानुसार पेशव्याच्या खर्चाने घोडदळ उभे करायचे ठरले. त्यातून ही रेजिमेंट जन्माला आली. पेशवाई वर्षभरात बुडाली, घोडदळ मात्र टिकले. पुढे घोड्यांच्या जागी रणगाडे आले, तरी नावातला 'हॉर्स' कुणी काढला नाही.

१९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोर्जी तारापोर सियालकोटच्या आघाडीवर लढताना मारले गेले. ते पारशी होते, जन्म मुंबईचा. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारताचा युद्धातल्या शौर्याचा हा सर्वांत मोठा सन्मान आहे. म्हणजे अरुण ज्या रेजिमेंटमध्ये आला, तिथे सहा वर्षांपूर्वीची ही आठवण अजून ताजी होती.

त्यांच्याकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे होते. आपल्या इथल्या आजोबांपैकी जे १९७३ साली सैन्यात होते ते हा रणगाडा ओळखतील. इस्राएलमध्ये त्याला 'शोत' म्हणतात, म्हणजे चाबूक. लाट्रूनच्या संग्रहालयात आपण सहलीला गेलो होतो, तिथे तुम्ही तो पाहिला आहे.

अरुणच्या रणगाड्याचे नाव होते 'फामागुस्ता'. हे सायप्रस बेटावरचे बंदर आहे. युरोपातल्या संहारातून वाचून इथे यायला निघालेल्या हजारो ज्यूंना ब्रिटिशांनी १९४६ ते १९४९ या काळात सायप्रसमध्ये छावण्यांत अडकवून ठेवले होते. त्यातली एक छावणी याच फामागुस्ताजवळ होती. भारतीय रणगाड्याचा या इतिहासाशी काही संबंध नाही. पण इथे वाढलेल्या मुलाला त्या नावाने दुसरेच काही आठवेल, म्हणून सांगून ठेवते.

डिसेंबर १९७१

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. मी तेव्हा मुंबईत होते. तेवीस वर्षांची होते, शाळेत नुकतीच लागले होते. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले असत. रात्री भोंगा झाला की चाळीतली सगळी बिऱ्हाडे जिन्याखाली येऊन बसत. माझी आई अंधारात तेहिलिम पुटपुटायची आणि शेजारच्या काकू रामरक्षा म्हणायच्या. रेडिओ अगदी हळू लावलेला असे. त्या रेडिओवर ज्यांच्याबद्दल आम्ही ऐकत होतो, त्यांतला एक माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.

युद्धाच्या आधी अरुण महाराष्ट्रातच होता. अहमदनगरला चिलखती दलाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम चालू होता. तो अर्धवट सोडून त्याला आघाडीवर बोलावले गेले. त्याचे सहकारी सांगत की त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश घेतला होता. लाहोरला गोल्फ खेळायचे आणि जिंकल्यावर मेजवानीला गणवेश घालायचा, असे त्याचे म्हणणे होते. एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो. मेजवानीचे कपडे त्याला आठवतात.

आता जागा समजून घ्या. पाकिस्तानच्या हद्दीचा शकरगढ नावाचा एक भाग भारताच्या हद्दीत फुगवट्यासारखा घुसलेला आहे. पंजाबहून जम्मूकडे जाणारा रस्ता त्याच्या अगदी जवळून जातो. तिथून पाकिस्तानी सैन्य पुढे सरकले असते तर तो रस्ता तुटला असता आणि काश्मीरशी जमिनीवरून संबंध राहिला नसता. म्हणून भारताने तिथे आधी चाल केली. त्या भागात बसंतर नावाची नदी आहे. नदी फार मोठी नाही, पण तिच्या आजूबाजूला पाकिस्तानी सैन्याने सुरुंग पेरले होते.

१५ डिसेंबरच्या रात्री भारताच्या ४७ व्या पायदळ ब्रिगेडने नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. मागून इंजिनियर दलाचे सैनिक रणगाड्यांसाठी सुरुंग काढत वाट करत होते. काम निम्मे झाले होते, तेवढ्यात पलीकडून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे. पायदळाकडे रणगाड्यांना थोपवण्यासारखे फारसे काही नव्हते. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांनी ठरवले की वाट पुरी होण्याची वाट पाहायची नाही. उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे रात्री पलीकडे गेले. या लढाईसाठी हनुत सिंग यांना महावीर चक्र मिळाले.

१६ डिसेंबरची सकाळ

सकाळी आठच्या सुमारास जरपाल गावाच्या बाजूने, धुराच्या पडद्याआडून, पाकिस्तानी रणगाडे पुढे आले. पूना हॉर्सच्या बी स्क्वॉड्रनने मदत मागितली. अरुण ए स्क्वॉड्रनमध्ये होता. त्याने वायरलेसवर ती मागणी ऐकली आणि आपला गट घेऊन तो तिकडे निघाला.

वाटेत शत्रूच्या मोर्चांवरून मारा झाला. त्याच्या गटातल्या दुसऱ्या रणगाड्याचा प्रमुख तिथेच मारला गेला. तरी अरुणने एकट्याने ते मोर्चे मोडले आणि तो बी स्क्वॉड्रनपर्यंत पोचला. शत्रूचे रणगाडे तेव्हा मागे सरत होते. त्याने पाठलाग करून एक फोडला.

शत्रूने पुन्हा जुळवाजुळव करून दुसरा हल्ला चढवला. आता समोर मोठी फळी होती आणि त्या जागी भारताचे तीनच रणगाडे उरले होते. लढाई फार जवळून झाली. अरुणच्या सन्मानपत्रात लिहिले आहे की त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले आणि त्यातले चार त्याने एकट्याने फोडले. पण इकडच्या तिघांतला एक निकामी झाला आणि दुसऱ्याची तोफ अडकली. उरला फामागुस्ता, आणि त्यालाही गोळा लागला होता. रणगाडा पेटला होता. अरुण जखमी होता.

तेव्हा वायरलेसवर त्याला रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश मिळाला. त्याने उत्तर दिले की मी रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे. तो लढत राहिला. मग आणखी एक गोळा लागला आणि अरुण तिथेच गेला. त्याच्याबरोबरचे सवार नंद सिंगही त्या लढाईत मारले गेले. तोफ चालवणारे नथू सिंग आणि रणगाडा हाकणारे प्रयाग सिंग वाचले. गोष्ट सांगताना आपण नेहमी अधिकाऱ्याचे नाव घेतो. पण रणगाड्यात एकटा माणूस कधी नसतो. म्हणून ही नावेही मुलांनी पाठ करावीत.

पाकिस्तानी रणगाडे तिथून पुढे गेले नाहीत. नदीपलीकडचे ठाणे टिकले.

त्याच दिवशी

आता तारखेकडे लक्ष द्या. १६ डिसेंबर १९७१. सकाळी बसंतरच्या काठी अरुण गेला. त्याच दिवशी दुपारनंतर, देशाच्या दुसऱ्या टोकाला ढाक्यात, पाकिस्तानच्या पूर्वेकडील सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश मोकळा झाला. शरणागतीची बोलणी करायला त्या दिवशी ढाक्याला गेले होते मेजर जनरल जेकब. ते कलकत्त्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातले. आपल्या लोकांना हे नाव अभिमानाने सांगायला आवडते, मलाही आवडते. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. काळे कागद फाडायची मुलांना घाई झाली होती.

पश्चिमेकडे युद्ध दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला रात्री थांबले. अरुणच्या घरच्यांनीही युद्ध संपल्याचे आधी ऐकले. मुलगा आता परत येणार असे त्यांना वाटले. तार नंतर आली.

मी हे वाक्य लिहून थांबले होते. माझा मुलगा इथे तीन वर्षे चिलखती दलात होता. त्या तीन वर्षांत अवेळी दाराची घंटा वाजली की मी आधी खिडकीतून खाली पाहायची, गणवेशातली माणसे आहेत का. बहुतेक वेळा शेजारीण साखर मागायला आलेली असे. देवाची कृपा, तो परत आला. या वर्गातल्या प्रत्येक आईला मी काय म्हणते ते कळेल. एकाच बातमीने एका घरात पेढे येतात आणि दुसऱ्या घरात तार येते.

जानेवारी १९७२ मध्ये अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. तोवर हा सन्मान मिळालेल्यांत तो सर्वांत लहान होता. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या संचलनाच्या मैदानाला त्याचे नाव आहे. फामागुस्ता दुरुस्त करून अहमदनगरला ठेवलेला आहे.

लाहोरची रात्र

बहुतेक पुस्तकांत ही गोष्ट इथे संपते. आपल्या धड्यात ती अजून अर्धी बाकी आहे.

तीस वर्षे गेली. २००१ साली ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल एक्क्याऐंशी वर्षांचे होते. मरण्याआधी एकदा आपले जन्मगाव, सरगोधा, पाहावे अशी त्यांची इच्छा होती. आपल्यातल्या ज्या आजोबांना नवगाव, रेवदंडा, पेण पुन्हा पाहायचे आहे, त्यांना ही इच्छा समजावून सांगायला नको. ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सोय पाकिस्तानी सैन्यातून निवृत्त झालेल्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्या घरी झाली होती. नासेर आणि त्यांच्या कुटुंबाने त्यांची फार आस्थेने काळजी घेतली. इतकी आस्था का, हे पाहुण्यांना कळेना.

निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर नासेर यांनी सांगितले की बरेच दिवस मनात असलेली एक गोष्ट त्यांना बोलायची आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ते मेजर होते आणि पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रेजिमेंटच्या रणगाड्यांची एक तुकडी त्यांच्या हाताखाली होती. त्या सकाळी बसंतरच्या काठी अरुणच्या समोर ते स्वतः होते. ज्या गोळ्याने अरुण गेला, तो त्यांच्या रणगाड्यातून सुटला होता. दोघांनी सुमारे दोनशे यार्डांवरून एकाच वेळी मारा केला होता, आणि आपण वाचलो हे केवळ नशीब, असे ते म्हणाले. समोरचा अधिकारी किती लहान होता, हे त्यांना नंतर कळले.

विचार करा. एक्क्याऐंशी वर्षांचा बाप ज्याच्या घरी जेवला, ज्याच्या गादीवर झोपला, तोच हे सांगतो आहे. नासेर गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळले नसते. पाहुणे सकाळी निघून गेले असते. तरी ते बोलले. आणि खेत्रपाल यांनी ते ऐकून घेतले. ते स्वतः सैनिक होते, समोरच्यानेही आपल्या देशाचे कामच केले हे त्यांना कळत होते. दुसऱ्या दिवशी ते वैर न ठेवता निघाले. पुढे नासेर यांनी भेटीचा फोटो पाठवला, आणि त्यावर अरुणच्या शौर्याला मान देणारा मजकूर लिहिला.

व्याकरणाची एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या धड्यात अरुणला मी 'तो' म्हटले आहे आणि नासेर यांना 'ते'. मराठीत आपण मोठ्यांना 'ते' म्हणतो आणि लहानांना, जवळच्यांना 'तो'. अरुण आज असता तर पंचाहत्तरीचा असता आणि मी त्याला 'अहो' म्हटले असते. पण तो एकवीसच वर्षांचा राहिला, म्हणून 'तो'. आणि ज्यांच्या हातून तो गेला त्यांना 'ते', कारण त्यांनी वयाला आणि माणुसकीला शोभेल असे वागून दाखवले. शत्रूला 'अहो' म्हणता येते, हे भाषेनेच आपल्याला शिकवून ठेवले आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

"तो खाली उतरला असता तर भित्रा ठरला असता का?"

नाही. आणि हे उत्तर मी मनाला बरे वाटावे म्हणून देत नाही.

अरुण गेल्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, गोलानवर त्याच जातीच्या रणगाड्यात त्याच वयाचा एक लेफ्टनंट लढत होता. झ्विका ग्रीनगोल्ड. तुम्ही शाळेत त्याच्याबद्दल शिकला आहात. त्याचा रणगाडा निकामी झाला की तो उतरायचा आणि दुसऱ्यात चढायचा. एकदा तर आगीतून, भाजलेल्या अंगाने तो बाहेर पडला आणि दुसऱ्या रणगाड्यात बसून पुन्हा लढला. त्या रात्री त्याने कितीतरी वेळा रणगाडा सोडला. इस्राएलचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याला मिळाला. त्याला कुणी भित्रा म्हटले नाही.

म्हणजे उतरणे किंवा न उतरणे यात शौर्य नाही. दोघांनीही एकच गोष्ट पाहिली : या घडीला माझ्या हातून अजून काही होण्यासारखे आहे का? अरुणची तोफ चालत होती, शेजारच्या दोन्ही तोफा बंद होत्या, आणि मागे नदीकाठी पायदळ उघडे पडले होते. तो हटला असता तर ती जागा मोकळी झाली असती. झ्विकाचा रणगाडा मेला होता पण दुसरा मिळत होता. दोघांनी आपापल्या जागी बरोबर हिशेब केला. एक वाचला, एक कामी आला.

'कामी आला' हा शब्द मला म्हणूनच आवडतो. त्यात मरणाचे कौतुक नाही. त्यात एवढेच आहे की त्याचे असणे कुणाच्या तरी उपयोगी पडले. मला मरणाचे कौतुक शिकवायचे नाही. वरिष्ठांनी बाहेर ये म्हटले, तेही बरोबरच होते. आपल्या माणसाचा जीव वाचावा असे ज्या अधिकाऱ्याला वाटत नाही, त्याच्या हाताखाली कुणी आपले मूल पाठवू नये.

त्या मुलाला मी हे पत्राने कळवले आहे. त्याची रजा मिळाली की तो वर्गात येणार आहे. तो आला की हा धडा त्यानेच वाचावा असे मी ठरवले आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा. (अ) पूना हॉर्स कोणत्या साली सुरू झाली? (आ) अरुणच्या रणगाड्याचे नाव काय होते? (इ) रणगाड्यातल्या इतर तिघांची नावे लिहा.

२. शकरगढचा भाग भारताला धोक्याचा का वाटत होता? नकाशा काढून आपल्या शब्दांत समजावून सांगा.

३. 'कामी येणे' हा शब्दप्रयोग दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.

४. खालील वाक्यांत 'तो' किंवा 'ते' घाला आणि कारण सांगा : ____ माझे आजोबा. ____ माझा धाकटा भाऊ. ____ आमचे नवे शेजारी, अजून ओळख झाली नाही.

५. नासेर यांनी खरे सांगितले नसते तर काय बिघडले असते? वर्गात चर्चा करा. एकमत झाले नाही तरी चालेल.

६. घरी किंवा शेजारी ज्यांना १९७१ चे दिवस आठवतात अशा एका आजी किंवा आजोबांना विचारा : भोंगा झाला की तुम्ही कुठे बसायचा? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून आणा. त्यांनी कोकणीपणाने काही म्हटले तर ते 'सुधारू' नका, तसेच लिहा.

मोठ्या मंडळींसाठी : मुलांनी सहावा प्रश्न विचारला की "काय ते जुने" म्हणून टाळू नका. खेत्रपालांनी तीस वर्षांनी ऐकले, तुम्हाला अजून सांगायला वेळ आहे.